टपावरचं वजन

१

आमच्या गाडीला आम्ही म्हैस म्हणायचो. रंग काळा, चाल संथ आणि चिखल दिसला की आनंद. चारही चाकांनी ओढणारी ती जुनी गाडी मी बायकोच्या हट्टापायी घेतली. बायको शाळेत भूगोल शिकवते. डोंगरांपलीकडे एक कोरडं तळं आहे, नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि तिथे जायला रस्ता नाही, असं तिने पोरांना इतकी वर्षं शिकवलं की शेवटी तिला स्वतःलाच ते बघून यावंसं वाटायला लागलं. नकाशा स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी चिकटवलेला होता. पाणी प्यायला गेलं तरी तळं दिसायचं.

पण तिची एक अट होती. "ढब्बूला घेतल्याशिवाय मी जायची नाही."

ढब्बू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हे नाव त्याला लहानपणी पडलं आणि त्याने ते मन लावून सार्थ केलं. आई गेली तेव्हा तो हिच्या कडेवर होता, त्यामुळे तो तिचा भाऊ कमी आणि लेक जास्त. गेट आणि ग्रिल बनवायचं त्याचं वर्कशॉप होतं. वेल्डिंगचा हात असा की जोड शोधून सापडू नये. फक्त उजवा गुडघा कामातून गेला होता. गाडी खड्ड्यातून गेली की मागच्या सीटवरून "आई गं" असा आवाज यायचा, आणि बायको लगेच मागे वळून विचारायची, "दुखलं का रे?" गतिरोधक, खड्डा, उंचवटा, दर वेळी हेच. मी म्हणायचो, हॉर्न नसला तरी चालेल, हा आहे.

तीन माणसांचं सामान, पाण्याचे कॅन, तंबू, जादा टायर हे सगळं टपावर घ्यायचं तर कॅरियर हवा. बाजारात तयार मिळणारे ढब्बूला बघवेनात.

"भावोजी, हे वेल्डिंग आहे का मुंग्यांची रांग? आपण घरी करू."

झालं. आमच्या घरामागे एक जुनी शेड आहे. पत्रे उंच, दार बुटकं. अर्ध्या शेडमध्ये माझं दुकान, म्हणजे मी वजनकाटे दुरुस्त करतो, आणि अर्ध्यात म्हैस. तिथे जमिनीवर खडूने आम्ही कॅरियरचं चित्र काढलं, खऱ्या मापाचं. त्यावर चौकोनी पाइप कापून मांडले, कोनाकोनातून दोरी लावून काटकोन तपासले आणि ढब्बूने टाके मारले. तळाला जाळी, कडेला कठडा, टपाच्या पन्हळीत बसणारे पाय. लाल प्रायमर, वर काळा रंग. सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला चढायची शिडी. तिच्या पायऱ्या त्याने फार जवळजवळ लावल्या.

"एवढ्या कशाला? कोंबड्या चढणार आहेत का?" मी विचारलं.

"माझ्या गुडघ्याच्या मापाने आहेत," तो म्हणाला. "चढायला त्रास नको."

२

कॅरियर तपासायचा माझा एक नियम आहे. लोक वाळूची पोती ठेवून बघतात. मी म्हणतो, पोतं गप्प बसतं. काट्यावर पोतं ठेवा, काटा थांबतो. माणूस उभा करा, काटा बारीक थरथरत राहतो, कारण माणूस श्वास घेतो, तोल सांभाळतो. रस्त्यावर सामान गप्प बसणार नाही. तेव्हा परीक्षा जिवंत वजनानेच घ्यायची.

म्हणून आम्ही तिघंही अनवाणी टपावर चढलो. रंग खरवडू नये म्हणून अनवाणी. बायकोने ओढणी कमरेला खोचून नाच सुरू केला, मी उड्या मारल्या, ढब्बूने कठड्याला धरून एका पायावर ठेका धरला. म्हैस कुरकुरत खाली बसली, पण एक जोड हलला नाही. हसून हसून आमची पोटं दुखली.

मग उतरलो. मी आधी, कारण मला मोजायचं होतं. मागच्या चाकाच्या वर, चाक आणि मडगार्डच्या मधल्या जागेत मी हाताची बोटं घालून बसलो. बायको उतरली, गाडी उचलली गेली. ढब्बू "आई गं, आई गं" करत एकेक पायरी उतरला.

गाडी उचलली गेली नाही.

मी वाट बघत राहिलो. ढब्बू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने बाटली उघडली, पाणी प्यायला, तोंड पुसलं. बायकोने चप्पल शोधून पायात घातली. मग शिडीची वरची पायरी बारीकशी वाजली. त्याखालची वाजली. तिच्या खालची. सावकाश, मध्ये थांबत थांबत. आणि सगळ्यात खालची वाजल्यावर म्हैस करकरत वर आली, माझी बोटं मोकळी करत.

"काय बघताय एवढं?" बायको म्हणाली.

"स्प्रिंगच्या पाट्यांना गंज आहे," मी म्हणालो. "चिकटून बसतात आणि मग उशिरा सुटतात."

हे खरंच होतं. गंजलेल्या काट्यांचंही तसंच असतं, वजन काढलं तरी काटा जरा वेळ विचार करत बसतो. मी लगेच तेलाची बुधली आणून पाट्यांना तेल सोडलं. शिडी का वाजली याला तेल नव्हतं, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

तेवढ्यात ढब्बू ओरडला, "ताई! गुडघा दुखत नाहीये!"

त्याने एक बैठक मारली. मग अजून एक. माझ्या लग्नापासून मी त्याला खाली बसलेला बघितला नव्हता. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आनंदात आम्ही म्हैस बाहेर काढायला गेलो आणि ठण्ण असा आवाज झाला.

कॅरियर दाराच्या वरच्या लोखंडी तुळईला जाऊन भिडला होता. दोघा कारागिरांनी मिळून पाइप अन् पाइप मोजला होता. दार मोजलं नव्हतं.

बायको पायरीवर बसून इतकी हसली की शेवटी तिला उचकी लागली.

३

कॅरियर सोडवून बाहेर पुन्हा चढवायचा, तर ढब्बूने जोडाच्या विश्वासावर पायांचे बोल्टसुद्धा वेल्डिंग करून टाकले होते. शिल्लक उपाय एकच. उंबरठा आणि त्याच्या पुढचा उतार फोडून खाली घ्यायचा. फोडला. ढब्बूने पहारीने काम केलं, शीळ घालत. नवं सिमेंट घातलं, थापीने गुळगुळीत केलं. मोजल्यावर अजून बोटभर कमी पडत होतं.

"काही बिघडत नाही," बायको म्हणाली. "निघताना आपण तिघं आत बसणार, सामान वर असणार. म्हैस खाली बसेल की."

नकाशा वाचणाऱ्या बाईचं गणित बरोबर होतं. मी मुंडी हलवली.

सिमेंट ओलं असतानाच घरातून फोन वाजला आणि ढब्बू तो घ्यायला सरळ उतारावरून चालत गेला. मी आणि बायको एका सुरात किंचाळलो. पण तो पलीकडे पोचलासुद्धा. मी वाकून बघितलं. सिमेंट जसंच्या तसं होतं, थापीच्या रेघा दिसत होत्या.

"लवकर सुकलं," बायको म्हणाली. मी बोट लावलं. बोट रुतलं.

मी ते बोट पँटला पुसलं. उन्हाने वर साय धरली असेल आणि आत ओलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. ढब्बूच्या आकाराचा माणूस सायीवरून चालत गेला, हे मी स्वतःला समजावलं नाही.

सकाळी दात घासत शेडकडे गेलो. उतारावर पावलं उमटली होती. शेडमधून निघून घराकडे येणारी. अनवाणी, जड, टाचा खोल गेलेल्या. डावं पाऊल सरळ, उजवं जरा बाहेर वळलेलं आणि ओढलेलं. ती चाल मी कुठेही ओळखली असती. पावलं स्वयंपाकघराच्या दारापाशी आली होती. सिमेंटचे बारीक कण दाराबाहेर पडले होते, आत नव्हते.

आत ढब्बू फ्रिजशेजारी उभा राहून नकाशा बघत होता. दोन्ही पाय सरळ, चपला कोरड्या.

"भावोजी, चहा टाकू का?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खुशीत होता.

मी थोडं सिमेंट कालवलं आणि थापीने ती पावलं बुजवून टाकली. का बुजवली ते मला नीट सांगता येणार नाही. बायकोने बघू नयेत एवढंच वाटलं.

४

टपावर वजन सारखं वाटलं गेलं पाहिजे, म्हणून मी सगळं सामान काट्यावर घेत होतो. माझ्या दुकानात एक जुना उभा काटा आहे, खाली फळी आणि वर गोल तबकडी. त्याच्यासमोरून ढब्बू आयुष्यभर नजर चुकवून जात आला. मी थट्टेने म्हणायचो, "ये रे, एकदा तबकडीचं भलं कर." तो म्हणायचा, "तुमचा काटा तुटला तर ताई मला बोलेल."

त्या दिवशी तो स्वतःहून आला आणि फळीवर उडी मारून उभा राहिला. "सांगा भावोजी, किती भरलो?"

काटा शून्यावर होता. हलला नाही, थरथरलाही नाही.

दुसऱ्या कुणी अशा वेळी माणसाकडे बघितलं असतं. मी काट्याकडे बघितलं. जन्मभराची सवय. काटा चुकीचं दाखवतोय म्हणजे काटा बिघडलाय. ढब्बूला खाली उतरवून मी तबकडी खोलली, दांडी काढली, स्प्रिंग पुसली, सगळं पुन्हा बसवलं. पाण्याचा कॅन ठेवला, बरोबर. मी उभा राहिलो, बरोबर आणि जरा दुःखद. बायकोला बोलावून उभं केलं, तीही बरोबर, पण ती आकड्यावर भांडली.

"आता मी?" ढब्बू म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो. "जेवायची वेळ झाली."

जेवताना मी त्याच्याकडे बघत होतो. बसला तरी खुर्चीची गादी दबत नव्हती. जिना चढून गेला तर ती तिसरी पायरी, जी मांजर गेलं तरी बोलते, ती गप्प राहिली. खिडकीतून वारा आला तेव्हा त्याने बोलता बोलता सहज टेबलाची कड धरली.

जेवून मी एकटाच दुकानात गेलो. स्क्रू ड्रायव्हर विसरलो होतो. शेडमध्ये भरपूर ऊन होतं, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडले होते. काटा समोर उभा होता. फळीवर काही नव्हतं.

तबकडीतला काटा वर चढलेला होता, मी आजवर माणसाचा बघितला नाही इतका वर. आणि तो बारीक थरथरत होता. मधूनच एक मोठा हेलकावा खायचा आणि परत जागेवर यायचा. दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला की तबकडी असंच करते.

"ढब्बू?" मी विचारलं.

काटा एकदम शून्यावर आला. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, म्हशीच्या पलीकडे, पडलेल्या लोखंडी किसावर काहीतरी करकरलं. आणि थांबलं.

मी स्क्रू ड्रायव्हर न घेताच बाहेर आलो. पळालो नाही. पण चालण्यातलं जेवढं भराभर असतं, तेवढं सगळं वापरलं.

५

"ढब्बू बदललाय," मी बायकोला म्हणालो. ती पलंगावर बॅगा भरत होती.

"बदलला नाही, बरा झालाय."

"तसं नाही गं. तो…" तुझा भाऊ काट्यावर भरत नाही, असं बायकोला कसं सांगायचं?

तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. "अहो, तुम्हाला माहीत आहे का? त्याने 'आई गं' म्हटलं की दर वेळी मला आई आठवायची. वाटायचं, आई असती तर तिने काहीतरी केलं असतं. मी नुसती विचारते, दुखलं का. इतकी वर्षं नुसती विचारतेय. आता दुखत नाही त्याला. माझ्या डोळ्यांसमोर जिने चढतोय पोरगा. तुम्ही यात काड्या घालू नका. माझी शपथ आहे."

मी तिच्या बॅगेची चेन लावली. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त त्याची आठवण येत होती. घरात दिवसभर शीळ घुमत होती, ढब्बू हसत होता, भांडी घासत होता, मला टाळ्या देत होता आणि त्या टाळीचं हाताला काही लागत नव्हतं. मला तो कुरकुऱ्या हवा होता. सोफ्यात बसला की मी आपोआप त्याच्याकडे घसरायचो, तो.

संध्याकाळी ढब्बू आणि मी बाहेर उभे होतो तेव्हा मी सरळ विचारलं.

"ढब्बू, त्या दिवशी टपावर काय झालं?"

त्याने शेडकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

"काही नाही हो," तो म्हणाला. "उतरताना गुडघा फार दुखला. वाटलं, आपण तेवढं खाली जावं आणि हे दुखणं, हे वजन सगळं वरच राहावं." मग हसला. "आता मी त्या कॅरियरवर चढणार नाही हं, भावोजी. वरचं सामान तुम्हीच बघा."

६

निघायच्या दिवशी लख्ख ऊन होतं. सामान वर बांधलं, ताडपत्री ओढली, दोर आवळले. बायको पुढे बसली, मांडीवर नकाशा. ढब्बू मागे चढला. मी चाकापाशी उभा होतो, बघायचं नाही असं ठरवून बघत होतो. गाडी जराही दबली नाही.

"चला!" बायको म्हणाली. "तळं वाट बघतंय!"

मी म्हैस चालू केली, इंच इंच पुढे घेतली. पुढची चाकं नव्या उतारावर गेली आणि वर ठण्ण झालं. कॅरियर तुळईला टेकला होता. मी उतरून बघितलं. बोटभर.

"असं कसं?" बायको खिडकीतून डोकं काढून म्हणाली. "सगळे बसलोय की आपण!"

"भावोजी, चाकांतली हवा कमी करा ना," ढब्बू म्हणाला. फार घाईने म्हणाला. "थोडी हवा सोडली की निघेल. बाहेर जाऊन परत भरू. मी पंप घेतलाय."

उपाय अगदी बरोबर होता. मी मागच्या चाकापाशी वाकलो, झडपेचं टोपण काढलं. नखाने दाबलं की झालं असतं. आम्ही निघून गेलो असतो, आणि शेडला कुलूप लावलं असतं.

तेव्हा माझ्या मागे, शेडच्या आतल्या बाजूला, लोखंडी किस करकरला. एक पाऊल. मग ओढलेलं एक. ते जवळ आलं आणि मी वाकलो होतो तिथून हातभर अंतरावर थांबलं. पुढे आलं नाही. दारातला पाहुणा, कुणी या म्हणेपर्यंत जसा थांबतो, तसं थांबलं. ऊन माझ्या खांद्यावर होतं, तरी मानेवर कुणाचातरी धापेचा श्वास लागत होता, चढ चढून आल्यासारखा.

मी मागे वळलो नाही. माझी हिंमत झाली नाही. पण मला माहीत होतं की ज्याला आपण इथे टाकून निघालो होतो, तो आपल्याच घरचा आहे.

"ये रे," मी हळूच म्हणालो. "चल. बस वर."

"भावोजी, नको ना," गाडीतून आवाज आला.

मी टोपण परत बसवलं आणि येऊन स्टिअरिंगवर बसलो. शिडीची खालची पायरी वाजली. बायकोचं नकाशावर फिरणारं बोट थांबलं. दुसरी पायरी वाजली, मग जरा विश्रांती, मग तिसरी. प्रत्येक पायरीला म्हैस मागून दबत होती. आरशात ढब्बू दिसत होता. तो खाली मान घालून बसला होता, हात मांडीत. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"जवळजवळ केल्यात मी पायऱ्या," तो स्वतःशीच म्हणाला. "चढेल."

मग आमच्या डोक्यावर टप कुरकुरला. मागून पुढे, ताडपत्रीवरून, सावकाश. म्हैस चारही चाकांवर खाली बसली. मी गिअर टाकला. तुळई जवळ आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली वाक रे!"

"कुणाला सांगताय?" बायकोने विचारलं.

मी क्लच सोडला. कॅरियर तुळईखालून न घासता निघाला. उतारावर, अंगणात, रस्त्यावर. जमिनीवर म्हशीची लांब सावली आमच्याबरोबर पळत होती आणि वर ताडपत्रीचा उंचवटा होता. त्या उंचवट्याला मी सामान बांधलं तेव्हा खांदे नव्हते. मी नजर रस्त्यावर आणली. मनात म्हणालो, असू दे, निदान दोघंही एकाच गाडीत आहेत. आणि खरं सांगतो, कॅरियर झाल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

कोपऱ्यावर तो जुना खड्डा आहे. मी चुकवायला गेलो, पण मागचं चाक गेलंच.

"आई गं," असा आवाज आला.

"दुखलं का रे?" बायको सवयीने मागे वळली.

"मला नाही, ताई," ढब्बू म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूहळू मान वर केली आणि टपाकडे बघितलं. मला वाटलं ती आता किंचाळेल, गाडी थांबवायला लावेल. तिने हात उचलला आणि तळवा टपाला आतून लावला, तसाच थोडा वेळ धरून ठेवला. टपाचं आतलं कापड तिथे खाली आलं होतं, ते कूस बदलल्यासारखं जरा हललं.

मग ती सरळ बसली, मांडीवरचा नकाशा नीट केला.

"अहो," ती म्हणाली, "जरा हळू चालवा."